पुकेकोहेजवळची स्वयंपाकशाळा

माझी मॅटर्निटी लीव्ह मंजूर झाली होती आणि बाळ नव्हतं. सातव्या महिन्यात मुलीच्या हृदयाचे ठोके थांबले. मी तिला जन्म दिला, निरोप दिला आणि पुण्यापासून दूर, हिल्सबरोच्या घरात दिवसभर एकटी बसू लागले. नवरा आठवड्याभरातच ऑफिसला जायला लागला होता. बाळासाठी रंगवलेल्या खोलीचं दार त्याने लावून टाकलं होतं आणि मुलीबद्दल तो अवाक्षर काढत नव्हता.

एका संध्याकाळी तोच म्हणाला, "तुला इटालियन स्वयंपाक शिकायचा होता ना? पुकेकोहे गावाच्या पुढे शेतावर एक शाळा आहे. तिथेच राहून शिकायचं. जाऊन ये."

"आत्ता?"

"अगं, इथे बसून काय करणार आहेस?"

तो चिडला नव्हता. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं, एवढंच. मी बॅग भरली.

शाळा म्हणजे एक जुनं लाकडी फार्महाउस होतं. मागे लांबलचक स्वयंपाकघर आणि चहूकडे कांद्याची, कोबीची शेतं. शाळा चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या. इटलीतल्या एका खेड्यातून लग्न होऊन इकडे आलेल्या, आता विधवा. इंग्रजी मोडकंतोडकं, पण आवाज खणखणीत. आम्ही मोजकेच विद्यार्थी होतो. मला मागची छोटी खोली मिळाली. हिवाळ्याचे दिवस, पांघरुणातून पाय बाहेर काढवत नसे. तरी उजाडलं की बाई दारावर थाप मारायच्या, "चला, पीठ वाट बघतंय!"

सुरुवातीला मला काहीच जमेना. जन्मभर पोळ्यांची कणीक मळलेले माझे हात पास्ताच्या पिठापुढे हरले. मैद्यात नुसती अंडी फोडायची, पाण्याचा थेंब नाही. गोळा दगडासारखा व्हायचा. दुसरी अडचण चव बघण्याची. आमच्या घरी नैवेद्याआधी चव घेत नसत. आई मिठाचा अंदाज वासावरून करायची, मीही तशीच शिकले होते. बाई रटरटत्या सॉसमधला चमचा माझ्या तोंडापुढे धरायच्या, "चाख!" आणि माझे ओठ उघडायचे नाहीत. त्यांना वाटायचं, हिचं इथे मन नाही. तेही खोटं नव्हतं.

असंच एकदा पीठ मळताना छाती ठणकू लागली. खाली बघितलं तर एप्रन ओला झालेला. दूध अजून येत होतं. हळूहळू थांबेल, असं हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं. मी तशीच उभी राहिले. बाईंनी एकदा बघितलं, मला हाताला धरून स्वतःच्या खोलीत नेऊन बसवलं आणि त्या शेतात गेल्या. परतल्या तेव्हा हातात कोबीचा मोठा गड्डा होता. त्यांनी पानं सोडवली, धुतली, शिरा मोडाव्यात म्हणून त्यांवरून लाटणं फिरवलं आणि माझ्यापुढे धरली.

"आत ठेव. गार वाटेल. आमच्याकडे सगळ्या बायका ठेवतात."

मी पाठ फिरवून पानं ठेवली. बाई मागून म्हणाल्या, "मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"केस होते?"

इतक्या दिवसांत मला कोणीच असं विचारलं नव्हतं. पुण्याहून फोन यायचे ते 'देवाची इच्छा' म्हणायला, नाहीतर 'अजून वय आहे' म्हणायला.

"खूप होते," मी म्हणाले. "काळेभोर. कपाळावर चिकटलेले."

"आणि नाक?"

"नवऱ्याचं."

मग मला रडू फुटलं. बाई 'उगी, उगी' म्हणाल्या नाहीत. जवळ बसून राहिल्या.

त्यानंतर मी तिथे रुळले. पीठ वळू लागलं, दुपारी भाज्या खुडायला मी बाईंबरोबर जाऊ लागले. एका रविवारी घरच्यांना जेवायला बोलवायची पद्धत होती. नवरा आला. बाईंनी त्याला आपल्या शेजारी बसवलं, ताट वाढलं आणि सहज म्हणाल्या, "मुलीचं नाक तुझ्यावर गेलं होतं म्हणे."

त्याने काटा खाली ठेवला आणि तो उठून बाहेर गेला. मी मागोमाग गेले. कांद्याच्या शेताच्या कडेला तो पाठमोरा उभा होता.

"मी बघितलंच नाही तिला," तो म्हणाला. "नर्सने दोनदा विचारलं. मी कॉरिडॉरमध्येच उभा राहिलो. मला वाटलं, बघितलं तर मी सावरणार नाही. मग तुला कोण सावरणार?"

मला हे माहीत नव्हतं. माझी समजूत होती, मी ग्लानीत असताना त्याने तिला घेतलं असेल.

"सांग ना," तो म्हणाला. "कशी होती?"

वाऱ्यात उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. नाक, केस, मुठी. हनुवटीवरच्या खळीबद्दल सांगितलं तेव्हा तो ओल्या मातीतच खाली बसला आणि तोंड झाकून रडला. लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदाच रडताना बघितलं.

कोर्स पुरा करून मी घरी परतले. पुढे त्याच्या नोकरीमुळे आम्ही लोअर हट या दुसऱ्या शहरात आलो. दुसरं मूल झालं नाही. प्रयत्न केले, मग एका वर्षी दोघांनी मिळून थांबवले. बाई शाळा विकून बहिणीकडे इटलीला गेल्या. पहिल्या ख्रिसमसला त्यांचा फोन आला होता. पुढच्या ख्रिसमसला मी लावला, तर बहिणीने उचलला. तिला इंग्रजी येत नव्हतं. ती रडत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि मला तो कळला.