नानाजींचा गुडघा

परिषदेचं पत्र आलं, की नानाजींचा गुडघा दुखायला लागे. पत्र टेबलावर आणि डावा गुडघा दोन्ही हातांत. "आई गं! हा तर उठूच देऊन नाई राह्यला," म्हणत ते खुर्चीतून अर्धवट उठत आणि पुन्हा बसत. त्याच दुपारी हेच गृहस्थ एका बांधावरून दुसऱ्या बांधावर टणाटण उड्या मारत निघालेले आम्ही पाहत असू, पण ते सोडा.

नानाजी बोरकुटे आमच्या भात संशोधन केंद्राचे प्रमुख. केंद्र कसलं, कौलारू खोल्या आणि जंगलाच्या कडेपर्यंत गेलेल्या भाताच्या बांध्या, म्हणजे खाचरं. चांदा जिल्ह्यात, मूल गावाच्या पलीकडे. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. देशभरातले भातशास्त्रज्ञ हिवाळ्यात एकदा जमत. त्यासाठी केंद्रातल्या एकाच माणसाचा प्रवासखर्च शेतकी खातं देई, तोही प्रमुखाच्या नावानं. प्रमुख आजारी असेल, तरच त्याच्या जागी हाताखालचा माणूस जाऊ शके. त्यामुळे आमचे प्रमुख दरवर्षी न चुकता आजारी पडत.

मी नागपूरहून नवी कोरी पदवी घेऊन आलो होतो. भाताचे कोंब पोखरणाऱ्या गादमाशीवर काम करत होतो आणि आपण या रानात सडणार, अशी माझी खात्री झाली होती. त्या वर्षी परिषद ओरिसात, कटकला होती. एका सकाळी नानाजींनी हाक मारली. "कटकले तू जाजो. माह्यानं जानं होत नाई आता."

"पण साहेब, मी काय बोलणार तिथे?"

"माशी पाह्यली ना तू? मंग तेच सांगजो."

मग महिनाभर त्यांनी माझा छळ मांडला. संध्याकाळी काम आटोपलं की मला खळ्यावर उभं करत, स्वतः पेंढ्यांच्या ढिगावर बसत आणि माझं इंग्रजी भाषण ऐकत. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलू लागलो, की तिकडून आरोळी येई, "वर पाय!" म्हणजे वर बघ. "माशी का तुह्या पायावर बसली हाय?" मला तेव्हा त्यांचा असा संताप येई!

कटकला मी अडखळत का होईना, बोललो. चहाच्या वेळी दक्षिणेकडच्या एका शास्त्रज्ञानं मला खिडकीपाशी नेलं आणि खिशातलं भिंग काढून काचेच्या नळीतला एक इवला कीटक दाखवला. तो गादमाशीच्या अळीला आतून खातो म्हणे. मी वेडाच झालो! परत आल्यावर तोच कीटक आमच्या बांध्यांत शोधला आणि सापडलाही. माझं पुढचं सगळं काम त्या चहातून निघालं. रानात सडण्याची भाषा मी पुन्हा केली नाही.

नानाजींचं स्वतःचं काम मात्र तसंच राहिलं. पाऊस ओढला तरी तग धरणारं एक भाताचं वाण त्यांनी वर्षानुवर्षं खपून तयार केलं होतं. ते परिषदेत मांडल्याशिवाय बाहेरचं कुणी लावून पाहणार नव्हतं. मी एकदा तोंडावरच विचारलं, तर म्हणाले, "माहा धान बांधीत उभा हाय, तो कुठी पळून नाई जात. तुमचं वय पळते ना बापा."

मग त्यांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. आता नाही, तर कधीच नाही. पत्र येताच आम्ही हाताखालचे सगळे एकदम आजारी पडलो. एकाचं पोट, एकाची दाढ, मी कंबर धरली. नानाजी आमच्याकडे बघतच राहिले. "बदमाश हाय सारे," एवढंच बोलले आणि हो म्हणाले.

निघायच्या सकाळी त्यांना न्यायला गेलो, तर खाटेवर बसलेले. "गुडघा दुखून राह्यला रे. खरंच." आम्ही पोट धरून हसलो. तेवढ्यात बाई, म्हणजे त्यांची पत्नी, आतून आल्या. "हासता काऊन? पाहा तरी!" त्यांनी धोतर सरकवलं. गुडघा कवठाएवढा सुजला होता.

"राहू द्या, नानाजी," मी म्हणालो. त्यांनी दारातून दिसणाऱ्या खळ्याकडे पाहिलं. "नाई. आता जातो मी," म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे. मी रजा टाकली आणि त्यांना आधार देत छोट्या गाडीत, म्हणजे अरुंद रुळांच्या आगगाडीत बसवलं.

परिषदेच्या सभागृहात आम्ही मागे बसलो. नाव पुकारलं गेलं. नानाजी उठले आणि कळवळून खाली बसले. व्यासपीठाच्या पायऱ्या चांगल्याच उंच होत्या. मी वाकलो, तोच पुढच्या रांगेतून एक जण उठला, खिडकीपाशी दुसरा, दाराजवळ तिसरा. आमच्या केंद्रातून निघून कुठं कुठं गेलेले, कधी ना कधी नानाजींच्या जागी परिषदेला आलेले. त्यांनी खुर्चीला हात लावला आणि नानाजींना खुर्चीसकट उचललं.

"अरे सोडा! लोक पाहून राह्यले!"

"पाहू द्या, नानाजी."

नानाजी बोलायला लागले ते मांडीवरच्या हातांकडे बघत. मला राहवेना. "वर पाय!" मी मागून ओरडलो. त्यांनी मान वर केली, हसले आणि मग असे बोलले, की ठिकठिकाणच्या माणसांनी त्यांच्या वाणाचं बियाणं मागून घेतलं.

परतताना गोंदियानंतर छोट्या गाडीत त्यांनी सुजलेला पाय समोरच्या बाकावर ठेवला. मग म्हणाले, "आता प्रमुख तू. पुढच्या वर्षी पत्र तुह्या नावानं येईन."

"हो ना! मद्रासला आहे म्हणतात," मी खुशीत म्हणालो.

नानाजींनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "अन् तुही कंबर?"

पुढच्या हिवाळ्यात पत्र आलं तेव्हा नानाजी या जगात नव्हते. दारात नवा सहायक उभा होता, पायाच्या अंगठ्याकडे बघत. मी पत्र टेबलावर ठेवलं, खुर्चीतून अर्धवट उठलो आणि कंबरेवर हात ठेवून ओरडलो, "आई गं!"