सुम्नबाईंचा माळढोक

आमच्या सुम्नबाई उन्हाळ्याच्या सुट्टीत शिबिर काढायच्या आणि मुलांना माळावर नेऊन बसवून ठेवायच्या. इतर शिबिरांत मुलं पोहतात, दोराला लोंबकळतात, मातीची भांडी करतात. बाईंच्या शिबिरातला मुख्य कार्यक्रम म्हणजे ऐन मे महिन्यात, सोलापूरबाहेरच्या अभयारण्यात, बाभळीच्या विरळ सावलीला मांडी घालून गप्प बसणं. आणि हे कुणी करायचं, तर जिनं उभा जन्म शाळेत पी.टी. शिकवली, जिच्या एका हाकेसरशी मैदानाच्या पार त्या टोकाची मुलं पाय जुळवून ताठ व्हायची, त्या बाईनं. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. ज्या पोरांना आयुष्यभर पळायला लावलं, त्यांनाच बसायला शिकवायचं बाईंनी मनावर घेतलं.

बाई अक्कलकोटकडच्या. शाळेत मराठी, बाजारात गरजेपुरतं तेलुगू आणि राग आला की माहेरचं कानडी. माळावर एखाद्या मुलानं चुळबुळ केली की ओठ न हलवता त्या म्हणायच्या, "सुम्न कुंद्र." म्हणजे गप बस. कानडीचा गंध नसलेल्या पोरालाही हे पहिल्या खेपेला कळायचं. त्यावरून मुलांनी त्यांचं नाव सुम्नबाई करून टाकलं. बाईंना ते माहीत होतं. एकदा एका पालकानं फोनवर चुकून "सुम्नबाई आहेत का?" असं विचारलं, तेव्हा त्या शांतपणे "बोलतीय" म्हणाल्या आणि पुढचं बोलणं सुरू केलं.

मी त्याच शाळेत भूगोल शिकवायचो. बाईंनी मला शिबिरात ओढलं ते पक्ष्यांची नावं सांगायला, कारण निसर्गशिबिर चालवणाऱ्या या बाईंना एकाही पक्ष्याचं नाव धड येत नसे. चंडोल, तितर, धाविक हे सगळे त्यांच्या लेखी 'तो तपकिरी'. मी एकदा म्हटलं, बाई, चार नावं तरी पाठ करा, मुलं विचारतात. त्यावर म्हणाल्या, "मी काय त्यांची आत्या हाय व्हय सर, नाव ठेवायला?" पण तोच तपकिरी ढेकळाआड बसून राहिला की बाईही त्याच्याकडे बघत बसून राहायच्या. त्यात त्यांना काय मिळायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या पायाला मुंग्या यायच्या.

शिबिराचा पहिला दिवस पाण्याचा असे. प्रत्येक मुलानं घरून एक बाटली पाणी आणायचं आणि ते स्वतः प्यायचं नाही. माळावर उतरल्याबरोबर काळविटांसाठी बांधलेल्या पाणवठ्यात ते ओतायचं. पाणवठा भरायला टँकर येतच असे, मुलांच्या बाटल्यांनी त्यात काही फरक पडत नव्हता. ज्या शहरात नळाला पाणी कधी येईल या हिशेबानं बायका पाहुण्यांना बोलावतात, तिथून पाणी नेऊन माळावर ओतायचं म्हणजे आयांच्या जिवावर यायचं. बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की दुसऱ्याच्या दारात जाताना पोरांच्या हातात काहीतरी द्यावं. टँकर हा सरकारचा झाला, बाटली आपली.

बाकी शिबिर कडक. सकाळी उजाडता उजाडता माळावरून चालणं, धुळीत उमटलेले पायांचे ठसे बघणं, मग ऊन चढेपर्यंत बसणं. दुपारी मुक्कामाच्या शेडमध्ये कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. मोबाईल पहिल्याच दिवशी एका स्टीलच्या डब्यात जमा होत आणि डबा बाईंच्या उशाला राहत असे. कुणाच्या पिशवीत वेफर्स निघाले तर तेही जप्त होत. ते संध्याकाळी बाई स्वतः खात. लपूनछपून नाही, सगळ्यांच्या समोर, चवीनं, आणि खारट जास्त आहेत म्हणून तक्रारही करत.

एका बाबतीत मात्र बाई फार चोख होत्या. काय दिसेल, याचा शब्द त्यांनी कधी कुणाला दिला नाही. मूल शिबिराला घालताना पालक हमखास विचारत, लांडगा दिसेल का, काळवीट दिसेल का. बाई म्हणत, "माळ म्हणजे सर्कस न्हाय. तिकीट काढलं आणि हत्ती आला." माळढोकाबद्दल तर त्या बोलतच नसत. हे अभयारण्यच मुळात त्या पक्ष्यासाठी राखलेलं. माणसाच्या कमरेला येईल एवढा उंच, पांढऱ्या मानेचा, डोक्यावर काळी टोपी असलेला पक्षी. पण आता तो इतका विरळ झाला होता, की तिथल्या वनरक्षकानंही तो अलीकडे बघितला नव्हता. गेटवरच्या फलकावर तेवढा तो रोज दिसायचा.

मग एका वर्षी हायवेच्या बाजूला एक नवं शिबिर निघालं. त्यात उंच तारेवरून घसरणं होतं, तंबू होते, आणि दर संध्याकाळी रेन डान्स होता. मे महिन्यात, सोलापुरात, वरून फवारे सोडून नाचायचं. नव्या पेठेतली अर्धी मुलं तिकडे गेली. बाईंकडे बस भरण्याएवढीही नावं येईनात, आणि बस भरली नाही तर शिबिर होणार नव्हतं. बाईंनी शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा घेतली. टॉवेलचं दुकान असलेल्या एका गृहस्थांनी उभं राहून विचारलं, "बाई, तिकडं पोरांना एवढं सगळं देतेत. तुमी काय दाखवणार?"

बाईंनी खिडकीकडे बघितलं. नंतर म्हणाल्या, "माळढोक दाखवीन."

मी शेजारीच बसलो होतो. हॉलमधले सगळे बाईंकडे बघत होते, म्हणून मला कपाळावर हात मारता आला नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, हे काय बोलून बसलात. त्या चिडून म्हणाल्या की तोंडातून गेलं. बस मात्र भरली. त्या टॉवेलवाल्या गृहस्थांची मुलगी लावण्या हिचं नाव सगळ्यात आधी आलं.

त्या वर्षीचं शिबिर बघवत नव्हतं. ज्या बाई कशाचीही वाट न बघता बसत, त्या आता वाट बघत होत्या. मुलंही तशीच. लांडगा दिसला. भरदिवसा, पाणवठ्यावर, आमच्यापासून अगदी जवळ पाणी पिऊन गेला. एरवी मुलांनी वर्षभर ती गोष्ट सांगितली असती. त्या दिवशी लांडगा गेल्यावर एक मुलगा म्हणाला, "माळढोक कधी?" बाईंचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदा बघितला आणि मला त्यांची कीव आली. शब्द देऊन बाईंनी स्वतःचाच माळ नासवून ठेवला होता.

शेवटच्या सकाळी निघायची वेळ झाली होती. ऊन चांगलं चढलं होतं आणि लांबच्या गवतावर मृगजळ हलायला लागलं होतं. एवढ्यात लावण्यानं माझी बाही ओढली. दूर एका बोरीच्या झुडपाजवळ काहीतरी उभं होतं. तपकिरी अंग, वर पांढरी उभी मान, माथ्यावर काळं. मान हळूच खाली जायची आणि पुन्हा वर यायची. मुलं कुजबुजली, माळढोक, माळढोक. मी दुर्बीण लावली, पण तशा उन्हात दुर्बिणीतून मृगजळच मोठं होऊन दिसतं. वनरक्षकाला विचारलं. तो भला माणूस होता, त्यानं मुलांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "असंल की."

तिथं गोष्ट संपली असती. सगळे आनंदानं बसमध्ये बसले असते. पण बाई उठल्या. बसलेल्या जागेवरून कुणी हलायचं नाही हा त्यांचाच नियम, तो मोडून पदर डोक्यावर घेतला आणि त्या उन्हात चालत निघाल्या. आम्ही बघत राहिलो. झुडपाजवळ पोचल्यावर त्या वाकल्या, ते तपकिरी टुणकन उडी मारून पळालं आणि मागच्या ओघळीतून एका धनगराची हाक ऐकू आली. बाई परत आल्या तेव्हा घामानं निथळत होत्या. मुलांना म्हणाल्या, "करडू हाय. मागच्या पायावर उभं राहून बोरीचा पाला खातंय." एक लहान पोर रडायला लागलं. बाईंनी त्याला गप्प बस म्हटलं नाही.

परतीच्या बसमध्ये बाई पुढच्या सीटवर कुणाशी न बोलता बसल्या. मागच्या सीटवर मुलांची डोकी एकत्र आली होती. मला वाटलं, अंताक्षरी जुळवताहेत.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या दारात. म्हणाल्या, चला, घरोघर जाऊन सांगायचं आहे, मी शब्द दिला होता आणि तो पाळला नाही. मी समजावलं, फोन करा, कोण एवढं मनावर घेतं. पण त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. पहिलं घर लावण्याचं, नव्या पेठेत, दुकानाच्या वरच. तिच्या आईनं आमचं असं स्वागत केलं, की आम्ही चुकून दुसऱ्याच्या बारशाला आलो आहोत असं मला वाटलं. पेढे पुढे आले. "बाई, तुमचे उपकार हायेत. पोरीनं काल सगळ्या गल्लीला सांगितलं. माळढोक बघितला म्हणून." आईनं भिंतीवर चिकटवलेलं चित्र दाखवलं. गेटवरच्या फलकावरचा माळढोक, जसाच्या तसा. इतर मुलांच्या घरूनही हेच कळत होतं, असं ती म्हणाली. पुढच्या वर्षी तर धाकट्यालाही घालणार होती, आणि तिच्या दोन्ही जावांची मुलंही यायची होती.

मग मला मागच्या सीटवरची ती डोकी आठवली. मुलांना बाईंचं शिबिर बुडू द्यायचं नव्हतं.

बाईंनी पेढा खाली ठेवला. "न्हाय वो," त्या म्हणाल्या. "माळढोक न्हवता. शेळीचं करडू होतं. तेच सांगायला आले."

आईनं पोरीकडे बघितलं. लावण्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता, पण तिनं नजर खाली घातली नाही. सरळ बाईंच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "माळढोकच होता बाई. आमी सगळ्यांनी बघितला."

आई म्हणाली, "लावण्या, खरं बोल. बाई खोटं बोलतेत का?" तिचा आवाज चढला होता. बाईंनी फक्त 'व्हय, करडूच' एवढं पुन्हा म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी त्यांना चांगला ओळखत होतो. मुख्याध्यापकांच्या तोंडावर, शिक्षणाधिकाऱ्यांच्या तोंडावर त्यांना खरं बोलताना मी ऐकलं होतं. पण त्यांनी त्या पोरीकडे बराच वेळ बघितलं.

"असंल," बाई म्हणाल्या. "पोरांची नजर चांगली. मला आता लांबचं नीट दिसत न्हाय."

आम्ही खाली उतरलो. पुढच्या घरी जायचं का, मी विचारलं. बाई नको म्हणाल्या. टॉवेलांच्या गठ्ठ्यांना टेकून त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "शिबिर बंद. पुढच्या वर्षी ह्यांच्या धाकट्याला काय दाखवू? करडू दाखवून माळढोक म्हणू?" मी म्हटलं, मुलांनी तुमच्यासाठी केलं हे. त्या म्हणाल्या, "म्हणूनच की." त्यांचे डोळे भरून आले होते. बाईंना रडताना बघायची मला सवय नव्हती, म्हणून मी रिक्षा शोधायला गेलो.

पुढच्या मे महिन्यात फोनांवर फोन आले. एवढे पालक बाईंच्या मागे कधीच लागले नव्हते. बाईंनी सगळ्यांना एकच कारण सांगितलं, नजर गेली. एकदा सांगितल्यावर ते निभावणं आलं. सोलापूर तसं मायाळू गाव. सुम्नबाईंना दिसत नाही म्हटल्यावर भाजीवाली त्यांच्या पिशवीत स्वतः निवडून वांगी घालायला लागली, बसमध्ये लोक उठून जागा द्यायला लागले. बाई हे सगळं करवून घ्यायच्या. घरी मात्र बिनचष्म्याच्या बसून तांदळातले खडे वेचायच्या, आणि माझ्या शर्टाचं बटण तुटलेलं त्यांना दारातूनच दिसायचं. एकदा मी म्हटलं, आता पुरे झालं की हे नाटक, इतकी वर्षं झाली, कोण विचारतंय. त्या म्हणाल्या, "पोरगी अजून हितंच राहते ना सर."

गेल्या हिवाळ्यात बाई वारल्या. त्याआधी दिवाळीच्या खरेदीला मी नव्या पेठेत गेलो होतो, तेव्हा त्या मला शेवटच्या दिसल्या. गर्दी मी म्हणत होती. रस्त्याच्या पलीकडून बाई येत होत्या आणि त्यांचा हात धरून लावण्या चालत होती. ती आता कॉलेजात होती, बाईंपेक्षा वीतभर उंच झाली होती. रिक्षा थांबवत, लोकांना बाजूला सारत ती बाईंना दुकानापर्यंत घेऊन आली. बाईंची नजर कशी होती हे साऱ्या पेठेत माझ्याखेरीज दोघींनाच माहीत होतं, त्या दोघींना. "बाई, पायरी हाय," लावण्या म्हणाली. आणि सुम्नबाईंनी एक पाय पुढे करून ती पायरी हळूच चाचपून बघितली.