काकांचा डावा पाय

गोविंदकाका मरणार म्हटलं की नाटकाला गावंच्या गावं लोटायची. नाटक कंपनीत त्यांना एकच काम: तिसऱ्या अंकात मरायचं. मरून झालं, सगळं शांत झालं, की त्यांचा डावा पाय एकदा झटकन हलायचा. त्यावर ‘वन्स मोअर’ ठरलेला. पुढे मूकपटांतही ते असेच मेले. मग बोलपट आले. राजाच्या वेशात काका आवाज पकडणाऱ्या यंत्रापुढे “मंग म्या मरतो” म्हणाले, आणि मालकानं त्यांना गावी, वडीगोद्रीला परत धाडलं.

प्रवेशाआधी मात्र ते लटलटा कापायचे. मी हसलो की म्हणायचे, “हास, लेका. भ्यायचं ते विंगेत भिऊन घ्यावं. भेव संगं घेऊन स्टेजवर जाऊ न्हाई.”

भिण्यात मी त्यांचा गुरू शोभलो असतो. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात मी बावीस वर्षांचा, चांगला मिशीवाला. निजामाविरुद्धची पत्रकं वाटायला नाही म्हणायची भीती वाटली, म्हणून वाटली. झालं, वॉरंट निघालं. मला सरहद्दीपार पोचवायची युक्ती काकांची: बैलगाडीत तळाशी मी, माझ्यावर कडबा, कडब्यावर पटकीनं ‘मेलेले’ काका, उशाशी रडणाऱ्या काकू, कासरा माझ्या वडिलांच्या हाती. पटकीच्या मढ्याजवळ कोण येतो?

वाटेत वरचा कडबा सारखा हलत होता. काका कापत होते. खाली मीही. नाक्यावर “रुको!” ऐकू आलं आणि वरची थरथर एकदम थांबली. माझी नाही.

“हैजा हाय, साहेब. गंगेवर नेऊन राह्यलो,” वडील म्हणाले.

बंदूकवाल्यांची पावलं मागं सरली. मी श्वास सोडला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं काकांचा डावा पाय हलला.

बंदुकीचा खटका वाजला. धोतर ओलं झाल्याचं मला बऱ्याच वेळानं कळलं.

तेवढ्यात एकजण ओरडला, “अरे, ये तो वोइच मरनेवाला है! जालने के तंबू में देखा था, सिनेमा में!”

“तो मुर्दा कायकू बना रे?” दुसऱ्याचा आवाज.

काका उठून बसले. मी मनातल्या मनात घरच्यांचा निरोप घेतला.

“पोटासाठी, साहेब. गावोगाव हाच खेळ. बायको रडती, म्या मरतो.”

“फिर मर के दिखा. बराबर मर. नै तो हम मारते.”

“गाडीत न्हाई जमत. मरायला ऐसपैस जागा पायजे,” म्हणत काका उतरले आणि त्या सगळ्यांना पार लिंबाखाली घेऊन गेले. गाडीच्या फटीतून मला नुसता धुरळा दिसत होता. काका तीनदा मेले. तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. गाडीकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

नाका मागं पडला, तशी वरची थरथर पुन्हा सुरू झाली. “लेका,” कडब्यातून आवाज आला, “हाईस का?”

गेल्या पौषात काका गेले. डॉक्टरांनी नाडी बघून हात खाली ठेवला, तशी काकूंनी काकांच्या पायावरची चादर बाजूला केली. “थांबा जरा,” म्हणाल्या. आम्ही सगळे त्या डाव्या पायाकडे बघत बसलो. ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं.

मग काकूंनीच चादर परत पायावर ओढली. मी लटलटा कापत होतो. या वेळी एकटाच.