मातीत जिरणाऱ्या क्लिपा

माझी मावशी जिवाणू पाळते. काका पाहुण्यांना सांगतात, "आमच्याकडे खाणारी तोंडं मोजायला जाऊ नका." मावशी हसत नाही. तिला विनोद जरा उशिराच कळतात.

आधी ती प्रयोगशाळेत रोपांवर काम करायची. काही जिवाणूंना साखर भरपूर मिळाली आणि बाकीचं पोषण कमी पडलं, की ते आपल्या पेशीत चरबीसारखे दाणे साठवतात. हे दाणे म्हणजे मातीत कुजणारं प्लास्टिकच. ही करामत पानांना शिकवायची, म्हणून तिनं जिवाणूंची जनुकं रोपांत घातली. पानांत दाणे आले, पण रोपं वीतभरही वाढेनात. पुन्हा लावली, पुन्हा खुजीच राहिली. शेवटी प्रमुखांनी ते काम बंद केलं.

त्या संध्याकाळी मावशी भांडी घासत बसली, घासलेलीसुद्धा.

"आता गं काय?" मी विचारलं.

"रोपांना झेपत नाही ना? जिवाणूंना झेपतंय. त्यांच्याकडूनच करून घेईन."

टाकीत जिवाणू वाढवून, त्यांच्या पेशी फोडून तिनं पांढरी पूड काढली. काकांचा प्लास्टिकच्या वस्तू ओतायचा छोटा कारखाना आहे. काकांची थोरली बहीण, म्हणजे मावशीच्या वन्सं, रोपवाटिका चालवतात; आम्हीही त्यांना वन्संच म्हणतो. कलम जुळलं की त्याचा जोड धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप गळून मातीत पडते, आणि वन्संना त्या क्लिपा वाकून वेचाव्या लागतात. मावशीनं ठरवलं, करायची तर हीच क्लिप.

पहिल्याच दिवशी पूड काकांच्या मशीनमध्ये करपली. धूर झाला, तोंड बुजलं, काकांचं ठरलेलं काम अडलं.

"माझं मशीन म्हणजे तुझी चूल आहे का?" काका कडाडले.

 मावशी बाही वर करून तारेनं मशीनचं तोंड साफ करत बसली. घरी दोघांचा अबोला. मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत. पण पुढच्या सुट्टीला काकांनी स्वतःहून मशीनची आच उतरवली.

"आण तुझं पीठ. जास्त वेळ आत राहू द्यायचं नाही, एवढंच."

क्लिपा आल्या, देखण्या आल्या, आणि उघडताच कटकन मोडल्या.

मग मावशीनं जिवाणूंचा आहार बदलला. साखरेबरोबर एक आंबट द्रव दिला, की दाणे मऊ होतात. पहिल्या खेपेला बिचारे सगळे मेले. तिनं तो थेंबाथेंबानं द्यायला सुरुवात केली. बऱ्याच टाक्या वाया गेल्यावर एक क्लिप वाकली आणि मोडली नाही. काकांनी ती दिवसभर शर्टाच्या खिशाला लावून मिरवली.

वन्संनी टोमॅटोच्या कलमांना त्या लावून पाहिल्या. हंगाम संपल्यावर त्यांनी आम्हाला बोलावून वाफा उकरला. क्लिपांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. बोटांत चोळल्या की भुगा होत होता. मावशीचा चेहरा उजळला.

"थांब, लगेच हुरळू नकोस," वन्सं म्हणाल्या. "काही कलम जुळायच्या आधीच सुटल्या. माझी कलमं गेली त्यात."

"किती जाड करू?"

"ते तुझं तू बघ. पण कर. माझी कंबर आता वाकायला राजी नाही."

काकांनी नवा साचा कोरायला घेतला. त्या जाड क्लिपा कलम जुळेपर्यंत टिकल्या, आणि मग मातीत जिरल्या. आता वन्संच्या सगळ्या वाफ्यांत त्याच आहेत, आणि कारखान्यातलं एक मशीन मावशीच्या नावानं ओळखलं जातं.