परवेजचा आयन आणि लालमियाँचं लोखंड

परतूरचा परवेज आयुष्यात कधी धावलेला नाही. गाडी फलाटावरून हलली तरी हा कपाच्या तळाची साखर बोटाने काढत बसणार. अशा माणसाने पीएचडीला विषय कोणता घ्यावा? तर 'घन पदार्थातून हळू जाणारे आयन इलेक्ट्रॉनांना ऊर्जा कशी देतात'. आम्ही वर्गमित्र म्हणालो, बरोबर आहे, विषय घरातलाच निघाला. फक्त त्यांच्या प्रयोगशाळेत 'हळू' म्हणजे सेकंदाला शंभर-दोनशे किलोमीटर. डोळा लवायच्या आत जालन्याहून परतूर!

लग्नाचा घोळ त्याच्या फुफीने, म्हणजे आत्याने घातला. फोनवर परवेज म्हणाला 'आयन', फुफीने ऐकलं 'आयर्न'. जालन्यासारख्या लोखंडाच्या गावात दुसरं ऐकू तरी काय येणार! एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये हयात घालवलेल्या लालमियाँना तिने सांगून टाकलं, "लडका लोहे में बहुत ऊपर गया है." लालमियाँ खूश. त्यांना जावई लोखंडातलाच पाहिजे होता. पोरीसाठी, अर्शियासाठी आलेली आधीची स्थळं त्यांनी याच पायी परत पाठवलेली. आणि परवेजला कॉलेजपासून अर्शियाच पाहिजे होती.

बैठकीला मी सोबत गेल्तो. माझ्यासाठी म्हणून लालमियाँ मराठीत बोलत होते. क्रियापदं आमची, बाकी सगळं त्यांचं.

"मंग, तुम्ही कोणत्या मिलमधे?"

मी परवेजच्या पायावर पाय दिला. त्याने तो निवांत काढून घेतला.

"चाचा, मिल न्हाई. लोखंड बी न्हाई. आयन. अणूतून एखादा इलेक्ट्रॉन निघून गेला की जे उरतं ते."

फुफी एकदम छताचा पंखा बघू लागली. लालमियाँनी कप खाली ठेवला.

"त्याचा तुम्ही करता काय?"

"पातळ पापुद्र्यातून पार सोडतो, अन् पलीकडे निघाल्यावर किती दमला ते मोजतो."

"त्याला दमवतो कोण?"

हे विचारायला नको होतं. परवेज उठलाच. सतरंजीवर गल्लीतली पोरं मांडी घालून बसली होती. त्यांच्यामधून तो रमतगमत निघाला. पोरं खिदळत इकडंतिकडं सरकली.

"धातूत इलेक्ट्रॉन असे मोकळे असतात. जरा लागलं तरी सरकतात, अन् तेवढी आयनाची ऊर्जा जाते. जितका हळू जाल, तितकी कमी. पण जाते."

मग तो सोफ्यावरच्या वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांना घासत गेला. एकही गुडघा हलला नाही.

"अन् मिठाच्या जातीच्या काही स्फटिकांत इलेक्ट्रॉन असे बसलेले. एका ठरावीक मापाचा धक्का असला तरच उठतील. त्याहून कमी असला तर घेणारच न्हाईत. आयन फार हळू असला तर त्यांना काहीच न देता निघून जातो."

"अन् खोलीतल्या या खांबाला धडकला तर?" मी विचारलं.

"ते अणुकेंद्रक. त्याचा हिशेब अलग."

लालमियाँ दाढी कुरवाळत बसले. "मंग मी कोण? धातू का मीठ?"

'धातू' म्हणून सासऱ्याला खूश करायची याहून चांगली वेळ नव्हती. पण हा परवेज.

"मीठ, चाचा."

पडद्याआड कुणीतरी फिसकन हसलं. अर्शियाच असणार.

"कायकू?"

"आल्यापासून हळूहळू बोलून राह्यलो. तुम्ही जाग्यावरून हललाच न्हाई."

"तो जोर से बोलो ना!"

परवेजने श्वास घेतला, आणि गल्लीतली बकरी दचकावी अशा आवाजात म्हणाला, "मला अर्शियाशी निकाह करायचाय! मिल न्हाई, प्रयोगशाळा आहे! पक्की नोकरी अजून न्हाई! हौ म्हणा नाहीतर न्हाई म्हणा!"

लालमियाँचा कप कलंडला. चहा पायजम्यावर सांडला तसे ते ताडकन उभे राहिले आणि बायकोकडे बघू लागले. रहिमुन्निसाचाची फडकं घेऊन आलेल्याच होत्या.

"बघता काय? निकाह झाल्यापासून मी सांगून राह्यले, हा माणूस हलत न्हाई म्हणून. आज या पोराने हलवला. याने चांगलं चाललेलं लोखंड स्वतःच्या तोंडाने घालवलं, म्हणजे उद्या पोरीशी बी खोटं बोलणार न्हाई. हौ म्हणा अन् पायजमा बदला."

"हौ," लालमियाँ म्हणाले आणि आत गेले.

पोरांनी टाळ्या पिटल्या, फुफीची नजर पंख्यावरून खाली आली. परवेज मात्र खोलीच्या मधोमध तसाच ताठ उभा. हौ नंतर काय बोलायचं, ते त्याने ठरवलंच नव्हतं. शेवटी मीच त्याचा शर्ट ओढला.

"बस आता, येड्या. झालं."