चिमी काही बदलत नाही!

राजधानी नवी, आमचं ऑफिस नवं, ऑफिसामागचं पाळणाघरही नवं. पोरं मोजून तीन, पण जेवणाच्या सुट्टीत आम्हा तिघी आयांना किस्से सांगायला वेळ पुरत नसे!

सांभाळायला रुखमिन दीदी. पोरं जेमतेम तीन महिन्यांची, आणि पहिल्याच दिवशी तिने माझ्या रडणाऱ्या चिमीचा निकाल लावला. "ये नोनी जइसन हे, तइसनेच रही!" म्हणजे ही पोरगी जशी आहे तशीच राहणार. बाकी दोघांनाही तोच न्याय. मला रागच आला.

* * *

सुनंदाचा टिनू झोपाळू. चौथ्या महिन्यात खिडकीखालून बँडसकट वरात गेली, पठ्ठ्या घोरतोय! दहाव्या महिन्यात सुनंदाने त्याला पंडरी बाजारातल्या कापडदुकानात गादीवर निजवलं. दुकानदाराने साड्या उलगडल्या त्या त्याच्या पायांवरच. आठव्या साडीला टिनूने कूस बदलली.

"याले आवडली वाटते, हीच घ्या!" दुकानदार म्हणाला.

* * *

गप्पू हसरा. साडेतीन महिन्यांची लस टोचली, हसला. नवव्या महिन्यातली टोचली, तरी हसला. डॉक्टरांनी सुई उजेडात धरून तपासली.

"लागली ना रे नक्की?"

* * *

चिमीला नवा चेहरा चालत नसे. ह्यांनी मिशी काढली, तर तीन दिवस बापाकडे जाईना. वैतागून ह्यांनी मिशी पुन्हा वाढवली. पुन्हा भोकाड!

"आता मी तोंड कुठं ठेवू, सांग मले!"

* * *

वर्ष भरत आलं आणि मोठ्या साहेबांकडे तक्रार गेली. एक पोरगी फार रडते, कामं होत नाहीत, तिचं नाव कमी करा. घरी तिला बघणारं कुणी नव्हतं. नाव गेलं की माझी नोकरीही गेली! साहेब स्वतः बघायला येणार असं ठरलं.

साहेब भलतेच बुजरे. आले, चटईवर बसले आणि फाईलमध्ये डोकं घातलं. आजवर जो तो चिमीच्या तोंडाशी तोंड नेऊन "अले अले" करायचा. साहेबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चिमी गप्प! रांगत गेली आणि साहेबांच्या पाठीला पाठ टेकून बसली. दहा मिनिटं दोघंही मजेत.

साहेबांनी फाईल मिटली.

"बड़ी शांत बच्ची है," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "वो रोनेवाली कौन-सी है?"

रुखमिन दीदी पदर सावरत पुढे झाली.

"ओ नोनी तो आज आयेच नइ हे, साहब!"