पाऊस आल्याची हाक

श्रावणात ऊन पडलं म्हणून कपडे वाळत घालावेत आणि पाठ फिरवावी, तर सर आलीच म्हणून समजा. आमच्या जुन्या गल्लीत त्याची कुणाला काळजी नव्हती. सर जिला आधी दिसेल ती ओरडायची, "पाऊस आला गं, कपडे काढा." शेजारीण घरात नसली तर तिच्या दोरीवरचेही काढून आणायची. मग घड्या घालताना घोळ व्हायचे. शेजारची सुमनताई एकदा दारातून म्हणाली, "वहिनी, तुमच्या यजमानांचा सदरा आमच्याकडे मुक्कामाला आलाय. जेवू घालूनच पाठवते."

एवढ्या पावसाच्या मुलखात माणसं एकमेकांना धरून राहायची ती अशा हाकांमुळेच, असं मला आपलं वाटतं.

आता मी मुलाकडे असते, पाचव्या मजल्यावर. मुलगा-सून दिवसभर कामावर. काल समोरच्या गॅलरीत कुणाची तरी चादर वाळत होती आणि डोंगराकडून सर येताना दिसली. सवयीने मी ओरडले. खिडक्या सगळ्या बंद. खालून वॉचमन म्हणाला, "आजी, तिकडं दिवसा कुणी नसतं. उगा घसा बसंल तुमचा." चादर भिजली बिचारी.

आज पुन्हा आभाळ भरून आलं. माझी साडी बाहेर दोरीवर होती. काढायला हात लावला आणि तशीच राहू दिली. म्हटलं, बघू तरी कुणी हाक मारतंय का.

सर आली, गेली, ऊनही पडलं. साडीतून पाणी ठिबकत होतं आणि मी अजून कान देऊन उभी होते.